बत्तीसाबचा रिव्ह्यू: जहाजावरचं स्टारलिंक आणि त्याच्याखालचा वाटपाचा डबा

निकाल आधीच सांगतो. कॉन्ट्रॅक्टवर सही करायची घाई असेल त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आमच्या जहाजावरच्या स्टारलिंकला, म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या नेटला, पाचपैकी साडेचार. ते नेट माणसामाणसांत वाटून देणारा जो डबा खाली रॅकमध्ये बसवलाय त्याला दोन, आणि त्यातला एक सेटिंग बदलून घेतल्यानंतरचा. डबा कुणाचा, जहाजमालक कोण, हे लिहीत नाही. अजून नोकरी करायची आहे.

मी इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. जहाजावर एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे बत्तीसाब म्हणतात. गॅलीच्या बल्बपासून रडारपर्यंत जिथं वायर जाते ते सगळं माझ्या गळ्यात, आणि गेली काही वर्षं नेटसुद्धा. जहाज अल्ट्रामॅक्स बल्कर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल वाहणारं, चार क्रेनचं. माणसं बावीस, निम्मी आपली, निम्मी फिलिपिनो. हल्ली मॅनिंग ऑफिसात, म्हणजे जहाजांवर माणसं भरतात तिथं, नवीन पोरं पगाराच्या आधी वायफायचं विचारतात आणि आमच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

जुन्या काळाचं थोडक्यात, कारण त्यावर रडून झालंय. इन्मारसॅट कंपनीच्या फ्लीट ब्रॉडबँड या जुन्या उपग्रह-नेटला अख्ख्या जहाजाला मिळून जास्तीत जास्त ४३२ केबीपीएस. घरी बोलायचं तर कार्ड घ्यायचं, आणि ते कॅप्टनसाहेबांच्या बाँडेड स्टोअरच्या (जहाजावरच्या करमुक्त दुकानाच्या) यादीत सिगारेटच्या खाली असायचं. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, त्यामुळे शब्द जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागायचं. बायको ‘हॅलो’ म्हणेपर्यंत आपण पुढचं वाक्य सुरू केलेलं असायचं, मग दोघंही गप्प, मग दोघंही एकदम बोलणार.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. पहिले साठ मे २०१९ मध्ये सुटले, जहाजांसाठीची सेवा जुलै २०२२ मध्ये आली. तेव्हा महिन्याला ५,००० डॉलर आणि दोन अँटेनांचे १०,००० असा भाव होता, त्यामुळे आमच्यासारख्या कोळसा वाहणाऱ्या जहाजाच्या मालकानं तिकडं बघितलंही नाही. २०२३ मध्ये डेटाच्या हिशोबानं स्वस्त प्लॅन निघाले तेव्हा बघितलं. आता वेगाचे आकडे सांगत बसत नाही, सगळे तेच सांगतात. पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायचा वेळ, किनाऱ्याजवळ तीस-चाळीस मिलिसेकंद, भर समुद्रात शंभराच्या पुढं, आणि व्हिडिओ कॉलला दोन्ही चालतं.

मला त्यातली वाटणी आवडली. इतक्या खालचा उपग्रह डोक्यावर जेमतेम काही मिनिटं असतो, म्हणजे आपल्याला सतत एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावं लागतं. कुठली अँटेना कुठल्या उपग्रहाला जोडायची हे दर पंधरा सेकंदांनी नव्यानं ठरतं. हे स्वतः बघता येतं. माझ्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉपवर पिंग लावून ठेवायचं आणि शेजारी जीपीएसशी मिळवलेलं घड्याळ. ४२, ४३, ४१, ४४ असं चाललेलं असतं आणि सेकंद १२ वर आले की एकदम ५८. मग ५७, ५९, ५८. मग २७ व्या सेकंदाला पुन्हा बदल, मग ४२ व्या, मग ५७ व्या. कधी उडी मोठी, कधी कळतही नाही, पण बदल होतो तो याच चार ठोक्यांना. इंजिन रूमचं ऑइलर पोरगं एकदा चहा घेऊन आलं ते वॉचची वेळ होईपर्यंत तिथंच उभं राहून हे बघत बसलं.

पृथ्वीचे षटकोनी तुकडे पाडलेत, एकेक साधारण २४ किलोमीटर रुंद. उपग्रह आपला झोत त्या तुकड्यावर टाकतो, आणि त्या झोताखाली जेवढ्या अँटेना असतील त्यांच्यात वेळेचे बारीक काप करून वाटतो. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी सिग्नल उलगडून दाखवलंय की सेकंदाला वेळेच्या ७५० चौकटी (फ्रेम) असतात आणि खाली येणारा लहरींचा पट्टा २४० मेगाहर्ट्झच्या आठ वाटांत विभागलाय. म्हणजे उपग्रह आठ हजारांहून जास्त असले तरी एका तुकड्याच्या वाट्याला येणारं काही अमर्याद नसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबीत नवीन जोडण्या बंद केल्या होत्या, लागोसमध्येही. आकाश रिकामं दिसतं, पण त्या तुकड्यातली जागा संपलेली असते.

याचा जहाजवाल्यांना अर्थ असा: हिंदी महासागराच्या मध्यावर त्या तुकड्यात तुम्ही एकटे. खाली ग्राउंड स्टेशन नाही, म्हणून तुमचा डेटा लेझरनं उपग्रहावरून उपग्रहावर उड्या मारत कुठल्यातरी देशात उतरतो, आणि तिथलाच आयपी पत्ता तुम्हाला मिळतो. त्यामुळे जाहिराती भलत्याच भाषेत येतात आणि बँकेचं ॲप कधी कधी संशय घेतं. पण वेग उत्तम. सिंगापूरच्या अँकरेजमध्ये, म्हणजे नांगर टाकून थांबतात तिथं, तेच जहाज, तीच अँटेना, आणि आजूबाजूला शेकडो जहाजं. संध्याकाळी वेग खाली येणारच. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, भागाकार आहे. विषुववृत्तापाशी आणखी एक भानगड. उंचावरचे जुने भूस्थिर उपग्रह तिथं बरोबर डोक्यावर असतात आणि त्यांच्या रेषेत झोत टाकायला मनाई आहे, म्हणून आकाशाचा मधला पट्टा वापरता येत नाही. शिवाय हे उपग्रह ५३ अंश अक्षांशाच्या आसपास दाटीनं असतात आणि विषुववृत्तावर विरळ. इंडोनेशियाच्या फेऱ्या करणाऱ्यांनी स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट नॉर्थ सी वाल्यांशी ताडून बघू नयेत, उगीच जीव जळतो.

अर्धा गुण कापलाय तो बसवण्यातला. ठेकेदारानं पहिली अँटेना मंकी आयलंडवर, म्हणजे जहाज चालवतात त्या ब्रिजच्या छतावर, बसवली ती फनेलच्या (धुराड्याच्या) इतकी जवळ की मागचा कोपरा कायम झाकलेला, वर काजळी. ॲपमध्ये अडथळ्यांचा नकाशा बघितला तर मागच्या बाजूला फनेलच्या आकाराचा लाल डाग. दुसरी पोर्ट साइडला, म्हणजे डावीकडे, पुढं सरकवून घेतली तेव्हा दोघी मिळून आकाश पूर्ण झालं. एकच अँटेना लावणाऱ्या मालकाशी भांडा. आणि काजळी ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसायची, डेकवाल्यांच्या हातात प्रेशर वॉशर द्यायचा नाही.

आता डब्याकडे येतो, कारण तुमचा जहाजावरचा महिना कसा जाणार ते तो ठरवतो.

आकाशातून जे येतं ते या डब्यात शिरतं. तो आधी दोन भाग करतो, एक ऑफिसचा, एक क्रूचा. इथवर त्याला पूर्ण गुण. क्रूच्या मोबाइलवरून एक्डिस (ब्रिजवरचा इलेक्ट्रॉनिक नकाशा) किंवा इंजिनाच्या ऑटोमेशनपर्यंत कुणाला पोचता येत नाही, नेटवर्क वेगळी ठेवलीत. २०२१ पासून सायबर धोक्याचा विचार जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापनात धरावा असं आयएमओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेनं, सांगितलंय, आणि ऑडिटवाला आला की हाच भाग आधी उघडून बघतो. पुढं मात्र घोळ आहे. क्रूच्या भागात शिरायला पोर्टलवर नाव आणि पासवर्ड. प्रत्येकाला महिन्याला ठरावीक जीबी: खलाशांना १०, ऑफिसरांना २०, कॅप्टनसाहेबांना ३०. संपले की पुढच्या प्रत्येक जीबीला २ डॉलर, पगारातून वळते. डिसेंबर २०२४ पासून एमएलसीची, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराची, दुरुस्ती लागू आहे, शक्य असेल तिथं खलाशांना इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर माफक घ्यावेत. दोन डॉलर माफक आहेत का हे एबीचा, म्हणजे डेकवरच्या खलाशाचा, पगार आणि घरी दोन शाळकरी पोरं धरून मोजून बघा.

पण पैशांपेक्षा माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. डबा माणूस ओळखत नाही, फोन ओळखतो, आणि आजचे फोन आपला खरा मॅक पत्ता (नेटवर्कवरची फोनची ओळख) लपवतात. तीनसाबचा, म्हणजे थर्ड इंजिनिअरचा, फोन सॉफ्टवेअर अपडेटनंतर नवीन पत्ता घेऊन आला. डब्याला वाटलं हे दुसरं उपकरण. जुनं सेशन उघडंच राहिलं, त्याच्या नावावर दोन उपकरणं झाली, तिसरं म्हणजे त्याचा लॅपटॉप, तो डबा आत घेईना. पोर्टल म्हणतं ‘मर्यादा संपली’, नेमकी कुठली मर्यादा ते सांगत नाही. बिचाऱ्यानं जीबी संपले समजून आणखी पाच विकत घेतले. मी ॲडमिनमध्ये शिरून बघितलं तेव्हा कळलं. सेशन काढण्याचं बटण माझ्या लॉगिनला नाही, किनाऱ्यावरच्या सपोर्टला आहे, आणि त्यांचा शनिवार-रविवार बंद. उपाय लिहून ठेवा: जहाजावर चढल्याबरोबर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये, फक्त जहाजाच्या नेटवर्कसाठी, खासगी पत्ता बंद करा. बाहेर पोर्टात चालू राहू दे.

दुसरं, मापच चुकलंय. आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, दाभोळचे, वयानं वडिलांसारखे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते रोज रात्री जेवणानंतर घरी फोन लावतात. पाचच मिनिटं, महिन्याचा कोटा अर्धाही संपत नाही. एकदा माझ्या केबिनच्या दारात येऊन म्हणाले, “बत्तीसाब, जीबी भरपूर हायत म्हणता, मग नातीचा चेहरा थिजतो कशापायी?”

चाचांचा प्रश्न बरोबर होता. आकडे बघितले. खाली येणारा वेग दीडशे एमबीपीएसच्या वर, संध्याकाळी बारा माणसं व्हिडिओ कॉलवर असली तरी वीसभर लागणार. तिथं टंचाई नाहीच. टंचाई वर जाणाऱ्या वाटेत, तिथं पंधरा-वीस. त्यातही डब्यानं निम्मा हिस्सा ऑफिससाठी राखलेला, आणि राखलेला म्हणजे ऑफिस रिकामं असलं तरी कुणाला द्यायचा नाही. रात्री आठ वाजता ऑफिसच्या वाटेवर काय असतं? काही नाही. ऑफिसला रोज जाणारा नून रिपोर्ट दुपारीच गेलेला असतो. उरलेल्या आठ-दहा एमबीपीएसमध्ये कुणातरी कॅडेटचा फोन दिवसभराचे डेकवरचे व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढवत असतो, रांग तुंबते आणि चाचांची नात थिजते. कॅडेटच्या खात्यात जीबी शिल्लक आहेत, म्हणजे डब्याच्या लेखी तो नियमात आहे. वाडीत नळाला संध्याकाळी तासभरच पाणी येत असेल तर ‘घरटी महिन्याला इतके हंडे’ असा नियम करून त्या तासाची रांग कमी होत नाही, तसं हे.

गंमत म्हणजे वर आकाशात ही चूक कुणी करत नाही. तिथं जोडणी दर पंधरा सेकंदांनी नव्यानं ठरते आणि वाटप वेळेच्या बारीक कापांनी होतं. खाली आम्ही महिन्याच्या एक तारखेला वाटून मोकळे.

कॅप्टनसाहेबांना दोन संध्याकाळचे ग्राफ दाखवले. ते कोचीचे, मोजकं बोलतात. म्हणाले, “लिहून दे, मी पाठवतो.” लिहून दिलं ते असं. एक, ऑफिसला किमान वाटा पक्का ठेवा, पण तो वापरात नसेल तर क्रूला उसना द्या आणि ऑफिसनं मागितला की त्याच क्षणी परत घ्या. दोन, क्रूमध्ये रांग माणसागणिक वेगळी करा, म्हणजे एकाचा बॅकअप दुसऱ्याच्या कॉलच्या पुढं उभा राहणार नाही. तीन, ॲपचे अपडेट आणि क्लाउड बॅकअप यांना रात्री बारा ते पहाटे पाच मोकळं रान, कोट्यात मोजू नका. चार, रँकप्रमाणे जीबी नको.

पहिल्या तीन गोष्टी डब्यात आधीपासून होत्या. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही, कुणी चालू केल्या नव्हत्या इतकंच. माणसागणिक समान रांग लावण्याचं हे तंत्र साध्या मायक्रोटिक राउटरमध्येही मिळतं, त्यात काही जादू नाही. सपोर्टवाल्यानं किनाऱ्यावरून बसून करून दिलं. त्या आठवड्यापासून संध्याकाळचे कॉल थिजायचे थांबले, जीबी एकही न वाढवता. चौथ्या गोष्टीवर ‘विचार चालू आहे’ असं उत्तर आलं. ते उत्तर मला बोटीवर चढल्यापासून पाठ आहे.

आणि डब्याचा दुसरा गुण इथंच संपतो, कारण दोन डॉलरचं दुकान चालूच आहे. कोटा का ठेवतात हे मला कळत नाही असं नाही. मालकानं वरून अमुक इतका प्रायॉरिटी डेटा विकत घेतलेला असतो, तो पंधरा तारखेला उडाला तर चार्टररचे (जहाज भाड्यानं घेणाऱ्याचे) ईमेल अडकतील ही भीती खरी आहे. मग पूर्ण जहाजाचा एकच साठा ठेवा, रोज किती उरलं ते मेसच्या टीव्हीवर दाखवा, आणि साठा कमी झाला की सगळ्यांचा वेग थोडा थोडा उतरवा. बावीस माणसं एकमेकांना ओळखतात. कोण रात्रभर सिनेमे उतरवतोय हे भंडारीला, म्हणजे स्वयंपाक्याला, माझ्या ॲडमिन पॅनेलच्या आधी ठाऊक असतं.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. ज्या देशात परवानगी नाही त्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत, सेवा बंद होते. अँटेनाला जीपीएसवरून आपली जागा कळते, गयावया करून उपयोग नाही. इंडोनेशियात चालू, कारण तिथं मे २०२४ पासून परवानगी. दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बेला बंद. आणि आम्ही कोळसा घेऊन जयगडला आलो तेव्हा तिथंही बंद. बारा मैलांची रेषा ओलांडली की पोर्टल उघडतं, लॉगिन होतं, नेट नाही. रत्नागिरी, गुहागरची पोरं तोवर ब्रिज विंगवर जाऊन मोबाइलला रेंजची एक दांडी शोधत असतात. साइन-ऑन करताना भारतीय सिम रिचार्ज करून ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार.

भारतात स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम ही नावं त्यात आहेत. गावाकडून फोन येतात, “तू वापरतोस ना, घेऊ का घरी?” माझं उत्तर एकच. जिथं फायबर पोचलंय तिथं फायबर. जिथं डोंगरामुळे टॉवरच लागत नाही तिथं हे घ्या, आणि त्यातही शाळेत किंवा आरोग्य केंद्रात एक जोडणी घेऊन वाटून घ्या, घराघरावर थाळ्या लावू नका. चोवीस किलोमीटरच्या तुकड्याचं गणित जमिनीवरही तेच राहणार. आणि वाटून घेतलंत की खाली वाटपाचा डबा आलाच, तेव्हा वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचा.

एक गोष्ट नवीन पोरं विसरतात म्हणून सांगतो. संकटात बोलवायचं साधन हे नव्हे. जीएमडीएसएसमध्ये, म्हणजे समुद्रावरच्या संकट-संपर्काच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत, इन्मारसॅट, इरिडियमसारख्या मान्यता मिळालेल्या सेवाच धरल्या जातात. इरिडियमचे उपग्रह ६६, ७८० किलोमीटरवर, वेग फारसा नाही, पण पाऊस असो की ध्रुव असो, लागतो. स्टारलिंकचा केयू बँड (लहरींचा पट्टा) विषुववृत्ताजवळच्या धो धो पावसात मिनिट-दोन मिनिटं गप्प होतो, हे गृहीत धरूनच राहायचं. सेकंडमेट दर आठवड्याला जीएमडीएसएसच्या टेस्ट करतो तेव्हा त्याला ‘आता कशाला’ म्हणणाऱ्या कॅडेटला मी रेडिओच्या बॅटऱ्यांच्या लोड टेस्टला सोबत घेऊन जातो. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्याच्याच हातात.

शेवटी, मॅनिंग एजंटला ‘जहाजावर स्टारलिंक आहे का’ असं विचारू नका. तो हो म्हणणार, आणि ते खरंही असेल. हे विचारा: अँटेना एक की दोन? क्रूला जीबी मोजून की वेग वाटून? वरच्या जीबीचा दर काय? सेशन अडकलं तर ते सोडवायचा अधिकार जहाजावर कुणाला आहे? पहिल्या तिघांची उत्तरं तो ऑफिसला फोन करून देईल. चौथ्याचं माहीत नसेल तर त्याच जहाजावरून नुकताच उतरलेला बत्तीसाब शोधा आणि त्याला फोन लावा.